भरलेली बाटली

(नांदेडला कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



सकाळपासून आपण आरोग्यावर बोलतोय. मला 'बाईचं शरीर आणि श्रम' हा विषय दिला आहे. टिपणं काढून आणली होती, पण ती बाजूला ठेवते आणि एका चढणीची गोष्ट सांगते. गोष्टीत माझीच फजिती आहे, तेव्हा हसायला हरकत नाही.

एप्रिल 2023. त्याच वर्षी 17 मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. लातूरची माझी मैत्रीण आणि मी एमएसडब्ल्यूला एका वर्गात होतो. तिचा फोन आला, "आता तरी माहूरला जाऊ. पायी चढू." हे दहा वर्षं ठरत होतं. कधी तिच्या सासूबाईंचं ऑपरेशन, कधी माझ्या अहवालाची तारीख. घरी काय सांगायचं हाही प्रश्न होता. 'देवीला जाते' म्हटलं की कुणी अडवत नाही, 'डोंगर चढायला जाते' म्हटलं की चार प्रश्न येतात. दोघींनीही देवीचंच नाव सांगितलं. स्त्रीमुक्तीची गाणी म्हणणाऱ्या आम्ही! आता सांगताना थोडी लाज वाटते.

आदल्या रात्री ती नांदेडला माझ्याकडे आली. पहाटेच्या गाडीने निघालो, उन्हं वर आली तेव्हा माहूरला उतरलो. तुमच्यातल्या बऱ्याच जणी तिथे गेलेल्या आहेत. रेणुकेचा गड, पलीकडे दत्तशिखर, अनसूयेचा डोंगर, समोर जुना रामगड किल्ला. जीपगाड्या भाविकांना नेतात. आम्ही मात्र पायीच जायचा हट्ट धरला होता.

रेणुकेच्या पायऱ्या चढलो, तांबुलाचा प्रसाद घेतला आणि दत्तशिखराच्या वाटेला लागलो. एप्रिल निवडला ही घोडचूक. आजूबाजूला सगळं सागाचं रान, आणि साग उन्हाळ्यात पानं टाकून मोकळा होतो. झाडं शेकड्याने, सावली मात्र नाही. पायाखाली वाळलेली पानं पापडासारखी मोडत होती. चढ फार उभा नव्हता, पण संपत नव्हता. पोटऱ्या भरून आल्या, चपलेचा बंद घोट्याला कापायला लागला. बूट घालून यायचं दोघींनाही सुचलं नव्हतं.

वाटेत ती रेणुकेची गोष्ट सांगत होती. आपल्याला ठाऊक असलेलीच. रेणुका रोज नदीवर पाणी आणायला जायची. एके दिवशी गंधर्वांची जलक्रीडा बघत रेंगाळली, परतायला उशीर झाला. जमदग्नीने मुलांना सांगितलं, हिला मारा. परशुरामाने ऐकलं. मैत्रीण म्हणाली, "बघ, पाण्याला गेलेली बाई थोडा वेळ आपल्यासाठी थांबली, तर केवढी शिक्षा!" आम्ही हसलो. माझ्या लक्षात राहिलेलं तिचं ते शेवटचं सरळ वाक्य, कारण त्यानंतर ती गप्प झाली.

मला वाटलं, दमली. मग बघितलं तर तिच्या कपाळावर घामाचा थेंब नाही, चेहरा लालबुंद. म्हणाली डोकं ठणकतंय. चार पावलं टाकली आणि वाटेतच बसली. मी विचारलेल्याची उत्तरं भलतीच द्यायला लागली. मी घाबरले. तिची पिशवी उघडली, तर लिटरची बाटली काठोकाठ भरलेली. झाकणही फिरवलेलं नव्हतं.

पहाटे अर्धा कप चहा, त्यानंतर काही नाही. का? वाटेतल्या एका बसस्थानकावर ती बायकांच्या मुतारीपर्यंत जाऊन परत आली होती. दार नव्हतं. मग तिने ठरवलं, पाणीच प्यायचं नाही. ही बाई गावोगाव किशोरींना सांगते, दिवसाला इतके ग्लास पाणी प्या, नाहीतर लघवीच्या जागी आग होते, जंतूसंसर्ग होतो. ती लातूरची, जिथे 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाण्याची किंमत तिला कुणी शिकवायची? आणि तिला कशाला बोलू, माझीही बाटली अर्धी भरलेलीच होती.

तेवढ्यात सरपणाची मोळी घेऊन एक बाई आली. मोळी खाली टाकली, मैत्रिणीला धरून एका खडकाच्या आडोशाला नेलं. पदर भिजवून तिच्या मानेवर ठेवला. मी जलसंजीवनीची पुडी बाटलीत कालवली आणि घाईघाईने पाजायला लागले, तर मलाच दटावलं, "घोट घोट दे माय, एकदम देशील तर ओकंल." माझ्या हातात प्रशिक्षणाची पदवी, शहाणपण तिच्याकडे.

अर्ध्या-पाऊण तासाने मैत्रिणीला घाम फुटला. तो बघून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मग ती हळूच म्हणाली, "मला जायचंय." मी इकडेतिकडे बघते तोवर त्या बाईने पदर पसरून आडोसा धरलासुद्धा.

निघताना तिने विचारलं, "काहून पायी फिरता वो बाई, जीपा हायत ना? नवस हाय का?"

"नाही, असंच."

"असंच?" तिला ते पटलं नाही. रोज सरपणासाठी हाच डोंगर तुडवणाऱ्या बाईला आमचं 'असंच' कसं पटावं? मोळी तिच्या डोक्यावर चढवायला आम्ही दोघी लागलो, तरी ती उचलताना माझे हात थरथरले.

दत्तशिखर गाठलं, पण उरलेली वाट जीपने. हट्ट तिथेच सोडला.

संध्याकाळच्या गाडीत मैत्रीण खिडकीशी बसून सारखी पाणी पीत होती. मी म्हटलं, "अगं, पुढं काय करशील?" तासाभराने ती उठली, कंडक्टरकडे गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दादा, गाडी थांबवा, बायकांना लघवीला जायचंय." गाडीत एकदम शांतता. कंडक्टरने मान खाली घालून घंटी वाजवली. आम्ही दोघी अंधारात बाभळीकडे निघालो आणि मागे बघितलं, तर आणखी पाच जणी उतरत होत्या. त्यातली एक तर नातवाला कडेवर घेऊन आलेली आजी होती.