अश्लीलता, कायदा आणि आपले घर



आज ज्या विषयावर मी आपणापुढे बोलणार आहे, त्याचे नाव काढताच वडीलधारी मंडळी मान खाली घालतात आणि तरुण मंडळी एकमेकांकडे पाहून हसतात. परंतु अश्लील पुस्तकांच्या व चित्रांच्या विक्रीवर सरकारने बंधन घालावे काय, आणि घालावे तर कोठवर, हा प्रश्न मान खाली घालून सुटणारा नाही. ज्या घरात आई मुलीशी शरीराविषयी एक अक्षरही बोलत नाही, त्या घरातील मुलीला ते अक्षर कोठून तरी मिळतेच. ते कोठून मिळावे, हाच खरा वाद आहे.

या वादात एक जुना खटला आपल्याला फार उपयोगी पडेल. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव हे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून त्यांना नोकरी गमवावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक काढले. वाचक आपल्या कामजीवनाविषयीच्या शंका लिहून पाठवीत आणि कर्वे त्यांना शास्त्राच्या आधारे, आडपडदा न ठेवता उत्तर देत. सनातनी मंडळींना हे सहन होणे शक्य नव्हते. १९३१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन दंड झाला. १९३४ साली दुसरा खटला झाला, आणि या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले.

बाबासाहेबांना त्या काळी कामाची वाण नव्हती, हे आपणास सांगावयास नको. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह अद्याप चालू होता आणि पुणे कराराला जेमतेम दीड वर्ष लोटले होते. ज्या खटल्यात पैसा नाही, लोकप्रियता नाही, उलट बदनामीच पदरी येण्याचा संभव, तो त्यांनी चालविला. कामविषयावर लिहिलेले सर्वच काही अश्लील ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

बाबासाहेब येथेच थांबले नाहीत. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा अशासकीय ठराव आला. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण रोहम यांनी सभागृहात वाचले. तोही ठराव फेटाळला गेला. वर्षाआड बाळंतपण सोसणाऱ्या कामकरी स्त्रीला जे ज्ञान सर्वांत आधी हवे होते, ते एकीकडे अश्लील ठरले आणि दुसरीकडे अनावश्यक ठरले.

आता कायद्याकडे वळू. भारतीय दंडविधानाच्या २९२ व्या कलमाने अश्लील पुस्तके व चित्रे विकणे हा गुन्हा ठरविला. परंतु अश्लील म्हणजे काय, हे मात्र सांगितले नाही. म्हणून न्यायालयांनी इंग्लंडातील १८६८ सालच्या एका निकालातून कसोटी उसनी घेतली : ज्याचे मन अशा प्रभावाला सहज बळी पडते, त्याला हे लेखन बिघडवील काय? ही कसोटी मला पहिल्यापासून खटकते. सर्वांत दुबळ्या वाचकाचे माप लावून साऱ्या समाजाचे वाचन ठरवावयाचे, याचा अर्थ सर्वांना अज्ञान मूल समजणे. आणि ‘हे तुमच्या वाचण्यासारखे नाही’ हे वाक्य ज्यांच्या वाडवडिलांनी शतकानुशतके ऐकले, त्यांनी तरी ते निमूटपणे ऐकून घेऊ नये.

१९५९ साली मुंबईत कुलाब्याच्या एका पुस्तकाच्या दुकानात पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठविले. त्याने ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी विकत घेतली आणि दुकानाच्या चारही भागीदारांवर खटला झाला. त्यांपैकी रणजित उदेशी हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दुकानात शेकडो पुस्तके असतात, विक्रेत्याने प्रत्येक पुस्तक वाचलेले असावे काय, असा त्यांचा बचाव होता. १९६४ साली न्यायालयाने तो अमान्य केला. दंड वीसच रुपये होता. परंतु लिहिणारा परदेशी, छापणारा दूर, आणि हाती लागतो तो शेवटचा विकणारा, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१९६९ साली कलमात दुरुस्ती झाली. शास्त्र, वाङ्मय, कला वा विद्या यांच्या हितासाठी, लोकहितार्थ असलेल्या प्रकाशनाला सूट मिळाली. कर्व्यांच्या खटल्यानंतर यास पस्तीस वर्षे लागली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती इंग्रजी कसोटीही सोडून दिली आणि कृती समग्र पाहावी, आजच्या समाजाच्या दृष्टीने पाहावी, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २९४ व्या कलमात जुनाच गुन्हा सुटीसह कायम असून, बालकाला असे साहित्य विकणाऱ्यास २९५ व्या कलमाने निराळी शिक्षा आहे.

मग मी अश्लीलतेच्या व्यापाराची बाजू घेतो आहे काय? मुळीच नाही. मासिकातील शंकासमाधान आणि एखाद्या मुलीचे तिच्या संमतीवाचून काढलेले चित्र, या दोहोंना एकाच शब्दाने ओळखणे हीच कायद्याची जुनी चूक आहे. पहिल्यात कोणाचीही हानी नाही. दुसऱ्यात एक जिवंत माणूस विकले जाते. आज हा व्यापार फुटपाथवर नव्हे, खिशातल्या मोबाईलवर चालतो. बालकांच्या अशा चित्रफिती विशिष्ट हेतूने नुसत्या जवळ बाळगणे हादेखील गुन्हा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले. या ठिकाणी सरकारने कठोर व्हावे, आणि त्या कठोरपणाला आपण पाठिंबा द्यावा.

परंतु आपल्या घरात काय घडते? मुलीचे चित्र कोणी पसरविले की पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो, ‘तू तेथे गेलीस कशाला?’ तिचा मोबाईल काढून घेतात, शिक्षण थांबवितात, आणि घाईघाईने स्थळ पाहतात. गुन्हेगार मात्र गल्लीत मोकळा फिरतो. मातांनो, आपण तसे करू नका. खाजगी क्षणी स्त्रीचे चित्र घेणे अथवा ते पसरविणे, हा संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. तिने चित्र काढण्यास संमती दिली असली, तरी ते इतरांना दाखविण्यास संमती दिली असे होत नाही, हे त्याच कलमात लिहिले आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते, मग गुन्हा कोठेही घडलेला असो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया व बालके यांच्याविषयीच्या अशा चित्रांची तक्रार नाव न देताही करता येते. चित्र पुसून टाकण्यापूर्वी त्याची नोंद व पाठविणाऱ्याचा क्रमांक जपून ठेवा, आणि ठाण्यात जाताना मुलीला एकटी पाठवू नका.