गरमीचा रोग आणि रक्ताची तपासणी



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे आपण मानत आलो. पण न बोलल्याने रोग गावाबाहेर जात नाही. उलट घरात मुक्काम ठोकतो. म्हणून गरमीविषयी, म्हणजे डॉक्टर ज्याला सिफिलिस म्हणतात त्या रोगाविषयी, आज सरळच बोलू.

नाव गरमी असले तरी हा रोग अंगातली उष्णता वाढून होत नाही. तो होतो एका जंतूमुळे. मळसूत्रासारखा पिळाचा हा जंतू १९०५ साली शाउडिन आणि होफमान या जर्मन संशोधकांनी शोधून काढला. रोगी माणसाशी शरीरसंबंध आल्याने तो अंगात शिरतो, आणि गरोदर आईकडून पोटातल्या बाळाकडे जातो. एका ताटात जेवल्याने किंवा कपडे धुतल्याने तो लागत नाही.

आता याची लबाडी पाहा. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी गुप्त जागी एक जखम होते. ती बहुधा दुखत नाही. स्त्रीच्या तर पुष्कळदा लक्षातही येत नाही. काही आठवड्यांत ती आपोआप भरून येते. माणूस म्हणतो, "वैदूच्या लेपाने गुण आला!" गुण कसला, मंडळी! जखम गेली, जंतू रक्तात राहिला. पुढे अंगावर, तळहातांवर, तळपायांवर चट्टे उठतात, तेही जातात. मग वर्षानुवर्षे शांतता. आणि औषध न घेतलेल्यांपैकी काहींच्या हृदयावर, मेंदूवर किंवा डोळ्यांवर पुष्कळ वर्षांनी घाला पडतो.

यात मोठा अन्याय होतो तो घरच्या सुनेवर. गर्भ टिकत नाही, मूल मेलेले जन्मते. घरचे म्हणतात, हिचा पायगुणच वाईट. नवस होतात, अंगारे होतात. गर्भ जाण्याची कारणे अनेक असतात हे खरे. पण त्यांतले एक हा रोग आहे, आणि तो नवऱ्याकडून आलेला असू शकतो. म्हणून दिवस राहिल्याबरोबर, शक्यतो पहिल्या तीन महिन्यांतच, रक्त तपासून घ्यावे.

तपासणी सोपी आहे. थोडे रक्त घेतात. व्हीडीआरएल नावाची चाचणी यासाठीच असते. लागण अगदी नवी असेल तर रक्तात खूण उमटलेली नसते. तेव्हा डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासावे.

आणि उपाय? पूर्वी पारा नि सोमल देत. १९४३ साली अमेरिकेत डॉ. महोनी यांनी पेनिसिलिनने हा रोग बरा केला, आणि आजही तेच औषध चालते. रोग नवा असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचा २४ लाख युनिटांचा एकच डोस पुरतो. जुना असेल तर आठवड्याला एक असे तीन. पूर्वी पेनिसिलिन सोसले नसेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. मात्र झालेली मोडतोड औषधाने भरून येत नाही, म्हणून उशीर नको. नवरा-बायको दोघांनीही तपासून घ्यावे. एकट्याने औषध घेतले तर रोग पुन्हा परत येतो. निरोध वापरल्याने धोका पुष्कळ कमी होतो.

जिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असते. तिथे तपासणी व औषध मोफत मिळते, नि नाव गुप्त ठेवतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, गावात तुमच्या शब्दाला वजन आहे. असा कुणी आडून आडून विचारू लागला, तर हसू नका, उपदेशही करू नका. दवाखान्याची वाट तेवढी दाखवा.