शिस्त कमांडकडे, डोकं आपल्याकडे

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना एखादी कमांड निसटली असेल तर इथून बघून घ्या. कमांड टाइप करायच्या इंग्रजी अक्षरांतच, इथे त्यांचे उच्चार दिलेत.)

आर्वीत असा, वर्ध्याला हॉस्टेलवर असा, नाहीतर पुलगावच्या स्टँडवर बसची वाट बघत असा, कानात हेडफोन असेल तर पुढची दहा मिनिटं आपली.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "काऊन बा, एवढ्यासाठी अख्खा भाग?" विषय आहे कोड नीट मांडणारी कमांड. म्हणजे कोडमधल्या मोकळ्या जागा, ओळी कुठे मोडायच्या, अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी, ही सगळी मांडणी एका कमांडने एकसारखी करून घ्यायची. अशा टूलला फॉरमॅटर म्हणतात.

हे हस्ताक्षर सुधारण्याचं काम वाटतं ना? तसं नाहीये. यात पैसा अडकलेला असू शकतो. कसा, ते बघू.

समजा चार मित्र मिळून कॉलेजचा प्रोजेक्ट करताहेत. कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याचं बिल काढणारा छोटा प्रोग्रॅम. वजन किलोत येतं, भाव क्विंटलचा असतो, म्हणून वजनाला 100 ने भागायचं आणि भावाने गुणायचं. 840 किलो कापूस, भाव 7,000 रुपये धरला, तर बिल 58,800 रुपये. सोपं आहे.

आता चौघांपैकी एकाच्या एडिटरने फाइल सेव्ह करताना सगळीकडची अवतरणचिन्हं बदलली आणि ओळी आपल्या पद्धतीने मोडल्या. त्याच वेळी त्याच्या हातून 100 च्या जागी 1000 पडलं. त्याने फाइल गिटमध्ये टाकली. गिट काय बदललं ते दाखवतं, त्याला डिफ म्हणतात. त्या डिफमध्ये तीनशे ओळी बदललेल्या दिसतात. दुसरा मित्र तपासायला बसतो. पहिल्या वीस ओळी नीट वाचतो, सगळीकडे नुसत्या अवतरणचिन्हांचा खेळ दिसतो. मग तो अंगठ्याने स्क्रीन सरकवत जातो आणि शेवटी लिहितो, "ओके". आणि 58,800 च्या जागी बिल निघतं 5,880 रुपये.

चूक एका शून्याची होती. ती लपली दोनशे नव्व्याण्णव निरर्थक बदलांच्या गर्दीत.

आजच्या भागातली मुख्य गोष्ट हीच. फॉरमॅटर कोड सुंदर करण्यासाठी नसतो. डिफ खरा राहावा म्हणून असतो. सगळ्यांची मांडणी आधीच एकसारखी असेल तर डिफमध्ये तेवढंच दिसतं जे खरोखर बदललं. तीनशे ओळींच्या जागी एक ओळ. आणि ती एक ओळ माणूस वाचतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. आर्वी ते पुलगाव नॅरोगेज लाइन होती, साधारण 35 किलोमीटरची. तिच्या रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. पुलगावला मुंबई–नागपूर मार्ग लागतो, तो ब्रॉडगेज, 1676 मिलिमीटर. म्हणजे छोट्या गाडीतून आलेला माल पुढे मोठ्या गाडीने न्यायचा तर उतरवून पुन्हा चढवणं आलंच. त्या चढउतारीने मालाची किंमत एक पैशाने वाढत नाही, फक्त मेहनत आणि वेळ जातो. एकाच प्रोजेक्टमध्ये चार जणांच्या चार मांडण्या असल्या की वाचणाऱ्याचं डोकं दर फाइलला हीच चढउतार करत बसतं.

एक खरी घटना सांगतो, मोठी आहे. फेब्रुवारी 2014. ॲपलने आयफोनसाठी तातडीचं अपडेट काढलं, आयओएस 7.0.6. सुरक्षित कनेक्शन तपासणाऱ्या सी भाषेतल्या कोडमध्ये "गोटू फेल" ही ओळ चुकून दोनदा आली होती, एकाखाली एक. पहिली ओळ "इफ"च्या ताब्यात होती. दुसरीही तेवढीच आत सरकवलेली होती, त्यामुळे बघणाऱ्याला वाटावं की तीसुद्धा "इफ"च्याच आत आहे. पण सी भाषेत महिरपी कंस नसेल तर "इफ"च्या ताब्यात एकच ओळ जाते. दुसरी ओळ दरवेळी चालायची आणि पुढची तपासणी गाळलीच जायची. म्हणजे समोरचा सर्व्हर खरा की खोटा, याचा शेवटचा पडताळा होतच नव्हता.

फॉरमॅटरने ही चूक दुरुस्त केली असती का? नाही. पण त्याने ती दुसरी ओळ ओढून डावीकडे, "इफ"च्या रेषेत आणून ठेवली असती. कारण यंत्र मोकळ्या जागेला भुलत नाही, ते कोडचा खरा अर्थ बघून मांडणी करतं. मग ती ओळ डोळ्यांत खुपली असती. पुढे 2016 मध्ये जीसीसी कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत, मांडणी फसवी असेल तर इशारा देण्याची सोयही आली.

आता हातात घ्यायचं टूल. पायथनसाठी मी ब्लॅक सुचवतो. वूकाश लांगा या प्रोग्रॅमरने 2018 मध्ये ते आणलं. त्याची खासियत म्हणजे ते आपल्याला जवळजवळ काही विचारत नाही. ओळ 88 अक्षरांपर्यंत, अवतरणचिन्हं दुहेरी, दोन फंक्शनच्या मध्ये दोन रिकाम्या ओळी. ठरलं म्हणजे ठरलं. गो या भाषेने 2009 पासूनच गोफएमटी हे टूल सोबत दिलंय. जावास्क्रिप्ट, सीएसएस, एचटीएमएल लिहिणाऱ्यांसाठी 2017 मध्ये प्रिटिअर आलं. सी आणि सी प्लस प्लससाठी क्लँग-फॉरमॅट आहे.

"पण मला एकेरी अवतरणचिन्हंच आवडतात!" आवडू द्या. मराठी लेखनाचंही तसंच आहे. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 मध्ये शासनाने मान्य केले, 1972 मध्ये आणखी 4 आले. ते अठराच्या अठरा नियम सगळ्यांना पटतात असं नाही. पण नियम ठरलेले असले की संपादक लेखकाशी ऱ्हस्व-दीर्घावर तास घालवत नाही, लेखात काय म्हटलंय यावर बोलतो. मांडणीचा वाद एकदाचा यंत्राकडे सोपवला की मित्रामित्रांत भांडणाचा एक विषय कमी होतो. आणि "तुझा कोड घाण आहे" असं माणसाने माणसाला म्हणायची वेळ येत नाही.

लॅपटॉप नाही? चालेल. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं ॲप घ्या. एफ-ड्रॉइडवरून घेतलेलं बरं. ते उघडलं की काळा पडदा येतो, तीच कमांड लाइन. आता क्रमाने.

पहिलं, "पीकेजी इन्स्टॉल पायथन". पायथन येईल. मग "पिप इन्स्टॉल ब्लॅक". नेट जरा बरं असेल तिथे बसून करा.

दुसरं, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जा आणि आधी असलेलं सगळं काम गिटमध्ये कमिट करून टाका. ही पायरी गाळू नका. परत फिरायचा रस्ता हवा.

तिसरं, "ब्लॅक, जागा, दोन आडव्या रेषा, डिफ, जागा, टिंब". टिंब म्हणजे हा फोल्डर. फाइलला हात न लावता, काय बदलेल ते फक्त दाखवलं जातं. नजर टाका.

चौथं, "ब्लॅक, जागा, टिंब". आता खरोखर बदल होतो. शेवटी "ऑल डन" असं लिहून केकचा तुकडा दाखवतं. एखाद्या फाइलमध्ये कंस उघडा राहिला असेल तर ती फाइल फॉरमॅट करता येत नाही असं सांगतं आणि तिला तशीच सोडतं.

पाचवं, हा मांडणीचा बदल वेगळा कमिट करा. त्यात दुसरं एक अक्षरही बदलू नका. मांडणी आणि काम एकाच कमिटमध्ये घातलं की पुन्हा तीच तीनशे ओळींची गर्दी.

"यात माझा चालता कोड बिघडला तर?" प्रश्न बरोबर आहे. ब्लॅक बदल लिहिण्याआधी स्वतःच पडताळून बघतं की जुन्या आणि नव्या कोडचा अर्थ एकच आहे. म्हणूनच एक मर्यादाही लक्षात ठेवा. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली यावरच अर्थ ठरतो. बेरजेची ओळ लूपच्या आत असायला हवी होती आणि तुम्ही बाहेर लिहिली, तर ब्लॅक ती बाहेरच ठेवणार. तुमच्या मनात काय होतं ते त्याला कळत नाही. 100 च्या जागी 1000 लिहिलं तरी ते दोन्ही बाजूंना छान मोकळी जागा सोडून 1000 च ठेवेल. चूक शोधायचं काम आपलंच. ते काम करता यावं एवढी मोकळीक हे टूल देतं.

जुन्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये आणखी एक अडचण येते. गिटमध्ये "ब्लेम" नावाची कमांड असते, कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते सांगते. सगळा कोड एकदम फॉरमॅट केला की बदललेल्या प्रत्येक ओळीवर फॉरमॅट करणाऱ्याचंच नाव. त्यावर उपाय आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आलेल्या गिट 2.23 पासून अमुक कमिट मोजू नको असं सांगता येतं. मांडणीचा कमिट वेगळा ठेवायचं हे दुसरं कारण.

आणि हे रोज लक्षात कोण ठेवणार? कोणीच नाही. म्हणून प्री-कमिट नावाचं टूल जोडून टाका, प्रत्येक कमिटच्या आधी ब्लॅक आपोआप चालेल. किंवा निदान "ब्लॅक, जागा, दोन आडव्या रेषा, चेक, जागा, टिंब" ही कमांड ठेवा. मांडणी ठीक असेल तर ती शून्य परत देते, नसेल तर एक. बरेच ओपन सोर्स प्रोजेक्ट तुम्ही पाठवलेला बदल आधी अशाच तपासणीतून नेतात.

आर्वीत बसून फोनवर कोड लिहिणाऱ्या मुलामुलीला याचा फायदा इथेच होतो. दूर कुठेतरी बसलेला माणूस तुमचा बदल उघडतो तेव्हा त्याला तुमचं कॉलेज माहीत नसतं, गाव माहीत नसतं. त्याच्यासमोर फक्त डिफ असतो. त्यात मोकळ्या जागांचा पसारा असेल तर तो "आधी हे नीट करा" म्हणून परत पाठवेल आणि तुमची कल्पना वाचलीच जाणार नाही. डिफमध्ये नेमक्या तुमच्या सहा ओळी असतील तर तो त्या सहा ओळींवर बोलेल. कदाचित नाही म्हणेल, पण कामाकडे बघून नाही म्हणेल.

तर या आठवड्याचं काम एकच. तुमच्या ग्रुपमध्ये टूल कुठलं ते ठरवा, एका जणाने ते चालवून वेगळा कमिट करायचा आणि बाकीच्यांनी त्यानंतरच नवं काम सुरू करायचं. अडलं तर स्क्रीनवर आलेला एररचा मजकूर पूर्ण वाचा, उत्तर बहुतेक वेळा त्यातच असतं.

भेटू पुढच्या भागात. बाकी शून्यं मोजून टाका!