डंप आला नाही म्हणजे प्रॉब्लेम गेला, असं नसतं

आजचा विषय थोडा जुन्या जगातला वाटेल: मेनफ्रेम. पण थांबा, एपिसोड स्किप करू नका. तुमच्या फोनवर ॲप क्रॅश झालं की एक रिपोर्ट जातो ना? तसाच मेनफ्रेमवर प्रोग्रॅम कोसळला की सिस्टीम त्या क्षणाच्या मेमरीचा फोटो काढते. त्याला डंप म्हणतात. फक्त हा फोटो कधी कधी कित्येक जीबींचा असतो.

आता विचार करा, तीच चूक रात्रीत पन्नास वेळा झाली तर? पन्नास डंप, डिस्क फुल, आणि प्रत्येक डंप काढताना सिस्टीमवर ताण. म्हणून आयबीएमच्या झेड-ओएसमध्ये डीएई नावाची सोय आहे, म्हणजे डंप ॲनालिसिस अँड एलिमिनेशन. ती प्रत्येक चुकीची लक्षणं जुळवते: कुठलं मॉड्यूल, कुठला ॲबेंड कोड, कुठलं रिकव्हरी रूटीन वगैरे. ही लक्षणं सहसा एसवायएस१.डीएई या डेटासेटमध्ये साठतात. तीच लक्षणं परत दिसली की नवीन डंप दाबला जातो, फक्त काउंट एकने वाढतो.

छान सोय आहे. पण मी हिच्यामुळेच तोंडावर आपटलोय.

मी सपोर्टला नवीन होतो. आमच्याकडे एक झीरो सी फोर ॲबेंड आला होता, म्हणजे प्रोग्रॅमने नको त्या मेमरीला हात लावला. डंप पाठवला, फिक्स आला, लावला. जागा हवी म्हणून जुना डंप मीच डिलीट केला. काही आठवड्यांनी रात्री अडीचला ऑपरेटरचा फोन: "जॉब परत पडला." मी डंपची यादी बघितली. नवीन काहीच नाही. मनात म्हटलं, किरकोळ असेल. जॉब रीस्टार्ट करायला सांगितला आणि झोपलो.

सकाळी सीनियर मॅडमनी विचारलं, "डंप कुठाय?"

"मॅडम, डंप आलाच नाही."

"आला नाही, की येऊ दिला नाही? डीएई बघितलंस का?"

आयपीसीएसमध्ये डीएईची स्क्रीन उघडली. त्याच लक्षणांपुढे काउंट होता १४. चौदा वेळा पडला होता, आणि आमच्या हातात एकही डंप नाही! जुना होता, तो मी उडवलेला.

मॅडमनी त्या ओळीपुढे टी टाकला, म्हणजे टेकडंप: पुढच्या वेळी हीच चूक झाली तर डंप दाबू नकोस. दोन रात्रींनी जॉब पडला आणि डंप मिळाला. त्यात काय दिसलं? मॉड्यूल तेच, इन्स्ट्रक्शन तीच, पण चुकीचा पत्ता देणारा प्रोग्रॅम दुसराच! फिक्स पहिल्या प्रोग्रॅमला लागला होता. म्हणजे लक्षणं सांगतात कुठे मोडलं. का मोडलं, ते डंप उघडल्याशिवाय कळत नाही. ताप एकच, आजार दोन.

तेव्हापासून माझे चार नियम आहेत.

एक: फिक्स लावला की त्या लक्षणांपुढे टी टाकायचा. चूक परत आली तर पुरावा मिळतो.

दोन: डीएईची स्क्रीन ठरावीक दिवसांनी बघायची. कुठला काउंट पळतोय?

तीन: डंप दाबला तरी लॉगरेकमध्ये नोंद सापडते. तिथे बघितल्याशिवाय "काही नाही" म्हणायचं नाही. आणि डंप स्लिप ट्रॅपमुळेही दाबला जातो. उदाहरणार्थ, वेळ संपल्याचा ३२२ ॲबेंड बहुतेक ठिकाणी मुद्दाम डंपशिवाय सोडलेला असतो.

चार: केस पूर्ण बंद होईपर्यंत पहिला डंप डिलीट करायचा नाही. डीएईच्या लेखी तो "आधीच घेतलेला" आहे. तुम्ही उडवलात हे तिला माहीतच नसतं.

डीएई बंद करा असं मी म्हणत नाहीये. ती हवीच. पण शांत सिस्टीम बघून खूश होण्याआधी एकदा विचारा: ही खरंच बरी आहे, की आपणच हिला गप्प बसवलंय?

तुमच्याकडे असा किस्सा असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!