बॉनेटवरचं जाळं कुठून येतं?



आज गाडीच्या रंगाचं एक दुखणं घेऊ. नवा रंग मारला, वॉटर पेपर मारला, कंपाउंड लावून बफ केला, आणि गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली बॉनेट आरशासारखं दिसलं. गाडी घरी आणून उन्हात उभी केली, तर सगळीकडे कोळ्याचं जाळं. निवृत्तीनंतर मी पिरियापट्टणला राहतो, म्हैसूरहून मडिकेरीला जाणाऱ्या रस्त्यावर. लष्करात गाड्यांशी संबंध आला, म्हणून ही तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात. गंमत अशी, की लष्कराच्या ट्रकचा रंग मुद्दाम बिनचमकेचा असतो. चकाकणारा पत्रा शत्रूला लांबून दिसतो. चमकेचं काम शिकायला मिळालं ते स्टाफ कारवर.

तर जाळं. ते गोल दिसतं, पण ओरखडे गोल नसतात. ते असतात बारीक, सरळ आणि सगळ्या दिशांना पडलेले. एका ठिकाणी टॉर्च धरली, की तिच्याभोवती आडवे येणारे ओरखडेच डोळ्याकडे उजेड फेकतात, म्हणून वर्तुळं भासतात. टॉर्च हलवा, वर्तुळं तिच्याबरोबर सरकतील. असं झालं तर ते कोरड्या फडक्याचे, धुण्याचे ओरखडे. पण रुंद, पंख्यासारखे पट्टे दिसले, मशीन ज्या वाटेनं फिरली त्याच वाटेचे, तर ते फिरत्या बफिंग मशीनचे आणि लोकरी पॅडचे. आणि एकाच दिशेच्या सरळ, वेगवेगळ्या मोजता येतील अशा रेघा दिसल्या, तर पेपरची खूण पुरती निघालेलीच नाही. तिन्हींना लोक एकच नाव देतात आणि तिन्हींवर एकच उपाय करतात: अजून बफ मार. इथेच नुकसान होतं.

का, ते एका बॉनेटवरून सांगतो. आमच्या ओळखीचे एक सुभेदारसाहेब आहेत, कोडगूचे. पेन्शनीच्या पैशातून घेतलेली गाडी, झाडाची फांदी पडून बॉनेट चेपलं. ठोकून, पुट्टी भरून नवा रंग झाला. रंगात धूळ बसली होती म्हणून पेपर मारला, मग बफिंग. उन्हात पट्टे दिसले. गॅरेजवाला म्हणाला, आणा परत, आणखी एक हात फिरवतो. परतही एकदा फिरवला. तिसऱ्यांदा नेण्याआधी ते माझ्याकडे आले.

मी जाडी मोजायचं मीटर लावलं. दारांवर 110 ते 120 मायक्रॉन, म्हणजे कंपनीचा रंग. बॉनेटवर 300च्या वर. साहेब खूश झाले, "भरपूर आहे की!" पण हे मीटर पत्र्यापासून वरपर्यंत सगळं एकत्र मोजतं. पुट्टी, प्रायमर, रंग, क्लिअर, सगळं. 300मधलं क्लिअर किती, ते ते सांगत नाही. दोन हात क्लिअर मारलं तर साधारण 50 मायक्रॉन बसतं, आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. त्यातून पेपरनं काही गेलं, दोन बफिंगमध्ये काही गेलं. पेपर मारण्याआधी कोणी मोजलं असतं, तर आजच्या आकड्यातून वजा करून समजलं असतं. कोणी मोजलं नव्हतं. आणि क्लिअर संपलं की खालचा रंग ऊन खातो, फिका पडतो, त्याला पॉलिश चालत नाही. मग पुन्हा सगळा रंग आणि पुन्हा सगळा खर्च.

म्हणून पहिलं काम: पुसून खरं पाहणं. कंपाउंडमधलं तेल ओरखड्यात भरतं आणि जाळं लपवतं. गॅरेजात आरसा आणि घरी जाळं, यातला अर्धा खेळ हाच. आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धं पाणी घालून घ्या, मऊ मायक्रोफायबरनं पुसा, मग टॉर्च मारा. आमच्या बॉनेटवर मशीनचे पट्टे होते, आणि पुढच्या कडेजवळ पेपरच्या दोन खोल रेघा.

पट्ट्यांसाठी जोर लागत नाही. लोकरी पॅड बाजूला ठेवलं. नुसती गोल फिरणारी मशीन नको, फिरता फिरता डोलणारी ड्युअल अॅक्शन घेतली, कारण तिचा एकच माग उमटत नाही. मऊ फोमचं पॅड, बारीक पॉलिश मटारएवढे चार ठिपके. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार. आधी हातभर चौकोनावर करून पाहिलं, पुसलं, टॉर्च मारली. तिथे जमलं, मगच पुढे. कडांवर टेप लावली; कडेला क्लिअर सगळ्यात पातळ असतं आणि पॅड तिथेच सगळ्यात जास्त घासतं. पॅड दर चौकोनानंतर झटकलं. सकाळचे दोन तास गेले आणि पट्टे गेले.

पेपर मारणाऱ्या मुलांसाठी इथे दोन शब्द. 1500वरून थेट कंपाउंडवर जाऊ नका. 1500चा दाणा साधारण 12-13 मायक्रॉनचा, 2000चा 10च्या आसपास. 2000 आणि मग 3000 मारलात, तर बफला काम कमी उरतं आणि क्लिअर वाचतं. पेपर आधी भिजत ठेवा, पाणी बदलत राहा. बादलीतला एक वाळूचा कण अख्खं बॉनेट नासवतो. आणि क्लिअर फवारताना नाकाला रुमाल बांधून भागत नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं कायमचा दमा जडतो. याबद्दल गॅरेजमालकांशी मी भांडतो आणि भांडत राहणार.

जाळं परत येऊ नये, तर आमच्याकडची लाल माती ध्यानात घ्या. तिच्यात वाळूचे कण असतात, रंगापेक्षा कितीतरी कठीण. त्यात तंबाखू भाजायच्या दिवसांत भट्ट्यांच्या धुराची राख बसते. सकाळी उठून कोरड्या फडक्यानं गाडी झटकणं म्हणजे रोज पेपर मारणं. आधी पाण्याचा फवारा, मग शाम्पू, दोन बादल्या, एक स्वच्छ पाण्याची.

कडेजवळच्या त्या दोन रेघांना मी हात लावला नाही. सुभेदारसाहेबांना त्या दाखवून ठेवल्या आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात, डाव्या बाजूनं वाकून पाहिलं तर अजून दिसतात.