बॅरिस्टर नाथ पै : एका विधेयकाची गोष्ट



बॅरिस्टर नाथ पै यांच्या वक्तृत्वाबद्दल आपल्याकडे भरपूर बोललं गेलं आहे. मी आज त्यांच्या एकाच विधेयकाबद्दल बोलणार आहे. कायद्याचं ज्ञान राजकारणात कशासाठी वापरायचं, हे त्यातून मला समजलं.

नाथ पै मूळचे वेंगुर्ल्याचे. जन्म 1922 चा. बेचाळीसच्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला, पुढे लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले. 1957, 1962 आणि 1967 अशा लागोपाठ तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघानं त्यांना लोकसभेत पाठवलं. पक्ष प्रजासमाजवादी, म्हणजे कायम विरोधी बाकांवर.

27 फेब्रुवारी 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. जालंधरच्या एका कुटुंबाची जमीन पंजाबच्या कमाल जमीनधारणा कायद्यात अतिरिक्त ठरली होती. सहा विरुद्ध पाच अशा बहुमतानं न्यायालयानं सांगितलं की, झालं ते झालं. यापुढे मात्र मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्या काळी मालमत्तेचा हक्कही मूलभूत हक्कांतच होता. आपला 1948 चा मुंबई कूळकायदा टिकला तो 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं नवव्या परिशिष्टात, म्हणजे मूलभूत हक्कांच्या आधारे होणाऱ्या आव्हानापासून संरक्षण दिलेल्या कायद्यांच्या यादीत, घातला गेला म्हणून. कोकणातल्या कुळांचा प्रतिनिधी या निकालाकडे कोणत्या नजरेनं पाहील, हे सांगायला नको.

चाळीस दिवसांच्या आत, 7 एप्रिलला, नाथ पैंनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. दिवस शुक्रवारचा. शुक्रवारची शेवटची वेळ खासगी कामकाजाची, तेव्हा सभागृह बहुधा रिकामं होत आलेलं असतं. विधेयकाचा गाभा एवढाच होता: कलम 368 खाली घटनेची कोणतीही तरतूद दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे घटनेतच स्पष्ट लिहावं. तेरा खासदारांच्या पक्षातल्या एका सभासदानं हा प्रश्न देशापुढे आणला. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं आणि त्यावर सभागृहात गंभीर चर्चा झाली. विरोध करणाऱ्यांत मधू लिमये होते, म्हणजे समाजवादी परंपरेतलाच माणूस. बहुमताच्या हाती अमर्याद सत्ता गेली तर नागरिकाच्या स्वातंत्र्याचं काय, हा त्या विरोधाचा मुद्दा होता.

डिसेंबर 1970 मध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक व्यपगत झालं. 17 जानेवारी 1971 ला, सीमालढ्याच्या हुतात्मा दिनी, नाथ पै बेळगावात बोलले आणि 18 तारखेला त्यांचं निधन झालं. वय अवघं अठ्ठेचाळीस. त्याच वर्षी इंदिरा गांधी सरकारनं केलेल्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत त्यांच्या विधेयकाचा आशय आला.

मग बरोबर कोण होतं? 1973 च्या केशवानंद भारती निकालानं गोलकनाथ रद्द केला. मूलभूत हक्कांसह कोणतंही कलम दुरुस्त करता येईल, इथवर नाथ पैंचं म्हणणं टिकलं. पण घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही, अशी मर्यादाही त्याच निकालानं घातली. दोन वर्षांनी आणीबाणीत एकोणचाळिसाव्या दुरुस्तीनं पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढली गेली, तेव्हा लिमयांची भीती खरी ठरली. ती दुरुस्ती न्यायालयानं रोखली, ती याच मर्यादेच्या आधारे.

माझं मत असं की, निष्कर्षात नाथ पै निम्मे बरोबर होते, पद्धतीत मात्र पूर्ण. निकाल पटला नाही म्हणून त्यांनी न्यायाधीशांवर चिखलफेक केली नाही. त्यांनी मसुदा लिहिला, तो सभागृहापुढे ठेवला आणि प्रतिपक्षाचे आक्षेप ऐकून घेतले.

1970 नंतर आपल्या संसदेत एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही. या सभेत कायद्याचे विद्यार्थी असतील, उद्या त्यांतले काही राजकारणात जातील. त्यांना माझं सांगणं आहे: सत्ता मिळेपर्यंत थांबू नका. जो कायदा चुकीचा वाटतो, त्याचा पर्यायी मसुदा लिहायला आजच बसा.