थंड, खाऱ्या पाण्यातलं यीस्ट

आज सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

मला तुमच्याशी यीस्टबद्दल बोलायचं आहे. पाव फुगवणाऱ्या नव्हे. अंटार्क्टिकाच्या मातीत, हिमनद्यांवर आणि थंड समुद्रात राहणाऱ्या, आणि कदाचित आपलं सांडपाणी साफ करू शकणाऱ्या यीस्टबद्दल.

कडाक्याच्या थंडीत डोशाचं पीठ लवकर फुगत नाही, हे प्रत्येक घराला माहीत आहे. सांडपाण्याच्या टाकीतल्या जिवाणूंचंही तेच होतं. पाणी गार झालं की त्यांचं काम मंदावतं, आणि मीठ वाढलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. मासळी प्रक्रिया, चामडं कमावणं, लोणची, कापडाची रंगाई, या सगळ्यांचं सांडपाणी खारट. ते गोड्या पाण्याने पातळ करायचं, नाहीतर आटवायचं, हे आपले नेहमीचे उपाय. एकात चांगलं पाणी जातं, दुसऱ्यात ऊर्जा. जिवाणूंना सोसेल असं पाणी करून देण्यापेक्षा त्या पाण्यात आधीपासून सुखाने नांदणारा जीव शोधणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

असे जीव आहेत. समुद्रात आणि खारवलेल्या चीजमध्ये सापडणारं डेबॅरिओमायसिस हॅन्सेनी हे यीस्ट सुमारे ४ मोलर मिठातही वाढतं. समुद्राच्या पाण्याच्या जवळजवळ सातपट खारट! पेशीत ग्लिसरॉल साठवून ते पाणी धरून ठेवतं. थंडीत राहणारी यीस्ट पेशीपटलात असंतृप्त मेदाम्लं वाढवतात, म्हणून ते पटल गोठल्यासारखं ताठ होत नाही.

रोडोटोरुला या यीस्टच्या वसाहती तुम्ही पेट्री डिशमध्ये पाहिल्या असतील. गुलाबी-केशरी, चकचकीत, तो रंग कॅरोटिनॉइडांचा. यातली काही यीस्ट सांडपाण्यातलं विषारी फिनॉलही खातात. एक विकर फिनॉलला आणखी एक हायड्रॉक्सिल गट जोडून कॅटेकॉल करतं, दुसरं विकर त्या षट्कोनी कड्याला चीर पाडतं, आणि उरलेले तुकडे पेशीच्या नेहमीच्या ऊर्जाचक्रात शिरतात. विषारी रेणूचं अन्न होतं.

अंटार्क्टिकात तर स्थानिक जिवांशिवाय दुसरा पर्याय नाही. १९८९च्या जानेवारीत ‘बाहिया पाराइसो’ हे अर्जेंटिनाचं जहाज पामर तळाजवळ खडकावर आदळलं आणि डिझेल समुद्रात सांडलं. त्यानंतर १९९१मध्ये झालेल्या माद्रिद करारानुसार तिथे बाहेरचे जीव मुक्तपणे नेऊन सोडता येत नाहीत. सफाईला तिथलेच जीव हवेत, ही अट मला मनापासून पटते. आपण दूषित केलेली जागा आणखी एका पाहुण्याच्या हवाली करायची नाही.

वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामुळे ध्रुवीय संशोधन गोव्याला परकं नाही. इथल्या मासळी प्रक्रियेचं पाणीही बर्फाचं आणि खारट असतं. पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्रयोगशाळेतल्या चंबूत एकटं फिनॉल संपवणारं यीस्ट खऱ्या सांडपाण्यात, इतर सूक्ष्मजीवांच्या गर्दीत, तेल-साबण-प्रथिनांच्या मिश्रणात टिकेलच असं नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरस पुरेसे हवेत, प्राणवायू हवा, आणि मागे उरलेल्या गाळाचं काय करायचं तेही ठरवायला हवं. निर्जंतुक माध्यमातला आलेख पाहून मी हुरळून जात नाही. तुम्हीही जाऊ नका.

म्हणून तुमच्यापैकी जे संशोधनाकडे वळतील त्यांनी मासळी प्रक्रिया केंद्राच्या नाल्यावर जाऊन पाणी आणावं, क्षारता आणि तापमान तिथेच मोजावं, आणि त्याच पाण्यात, न गाळता, न उकळता, यीस्ट वाढतं का ते आधी पाहावं.